तहान, मीठ आणि धावणाऱ्याचे पोट

(रुग्णालयाच्या वार्षिक देणगीदार मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



दरवर्षी या मेळाव्यात आमच्यापैकी एका डॉक्टरने आपल्या विषयावर अर्धा तास बोलावे, अशी आपली प्रथा आहे. यंदा मी धावण्याविषयी बोलणार असे कळवले, तेव्हा आमच्या सचिवांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिले. मोतीबिंदू, मधुमेह, क्षयरोग असे विषय समोर असताना सुदृढ माणसांच्या छंदाची चर्चा धर्मादाय रुग्णालयात कशासाठी, हा त्यांच्या नजरेतील प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर द्यायला हवे.

मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि तिच्याबरोबर, एखाद्या संस्थेच्या मदतीसाठी धावायचे व आप्तेष्टांकडून त्या संस्थेकरिता देणगी मिळवायची, ही चाल आपल्याकडे रुजली. आज या सभागृहात असे काही देणगीदार बसले आहेत, ज्यांनी आपल्या रुग्णालयासाठी घाम गाळला आहे, आणि हे मी शब्दशः म्हणतो. पुढील महिन्यात आपण स्वतःच एकवीस किलोमीटरची धाव आयोजित करीत आहोत. वाटेवरच्या पाण्याच्या टेबलांवर आपल्याच रुग्णांचे नातेवाईक स्वयंसेवक म्हणून उभे राहणार आहेत. धावून दमलेल्या माणसाला पाणी पाजणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले जाते. तेच पाणी जिवावर कसे उठू शकते, हे मी पुस्तकातून शिकण्यापूर्वी स्वतःच्या चुकीतून शिकलो. ती चूक प्रथम सांगतो.

गोष्ट २००६ सालची. एका मोठ्या शहरातील शर्यतीत वैद्यकीय तंबूत माझी नेमणूक होती. शर्यत सुरू होऊन साडेपाच तास झाले असतील. पहिले धावपटू घरी जाऊन जेवलेही असतील, अशा वेळी एका चौतीस वर्षांच्या महिलेला तिचे यजमान व एक स्वयंसेवक दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. शरीर सडपातळ, डोके प्रचंड दुखत होते, दोनदा उलटी झाली होती, आणि बोलण्यात थोडा असंबद्धपणा होता. नाडी व रक्तदाब बऱ्यापैकी होते, अंग तापलेले नव्हते. उन्हात इतके तास धावलेली बाई, उलट्या, चक्कर. माझ्या मनाने निदान करूनही टाकले: शरीरातील पाणी कमी झाले आहे. मी सलाईन लावले. यजमानांना वाटत होते की तिने पाणी पुरेसे घेतले नाही, म्हणून ते मधून मधून बाटली तिच्या ओठांना लावत होते, आणि मी त्यांना अडवले नाही.

अर्धा लिटर सलाईन गेले असेल, तेवढ्यात तिला झटका आला.

तिला जवळच्या रुग्णालयात हलवले. तेथील ज्येष्ठ वैद्यांनी तिच्या हाताकडे पाहिले. बोटे सुजलेली, अंगठी मांसात रुतलेली. त्यांनी मला विचारले, "हिचे सकाळचे वजन किती होते?" मला अर्थातच ठाऊक नव्हते. पण यजमानांना ठाऊक होते, कारण बाई टापटिपीच्या, सरावाची वही ठेवणाऱ्या. सकाळी एकोणपन्नास किलो. रुग्णालयातील काट्यावर एक्कावन्न. माझे अर्धा लिटर वजा केले तरी साडेपाच तास धावून तिचे वजन दीड किलोने वाढले होते. पाणी कमी झालेल्या माणसाचे वजन वाढत नाही, एवढे गणित शाळेतल्या मुलालाही जमावे. मला तंबूत ते सुचले नाही, कारण वजनकाटाच तेथे नव्हता, आणि असता तरी मी तिला त्यावर उभे केले असते की नाही, याची मला खात्री नाही.

रक्तातील सोडियमचे प्रमाण साधारणपणे लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असते. तिचे ११७ निघाले. हा अहवाल हाती यायला पन्नास मिनिटे लागली, पण त्या वैद्यांनी त्याची वाट पाहिली नाही. तीव्र क्षाराचे, म्हणजे तीन टक्क्यांचे सलाईन शंभर मिलिलिटर त्यांनी दहा मिनिटांत दिले, नंतर तेवढेच पुन्हा दिले. संध्याकाळी तिने यजमानांना नावाने हाक मारली आणि तिसऱ्या दिवशी ती घरी गेली. मला कोणी बोल लावला नाही. त्या वैद्यांनी फक्त एवढेच विचारले, की आदल्या वर्षी बोस्टनच्या शर्यतीवर आलेला शोधनिबंध मी वाचला आहे का. मी वाचला नव्हता.

तो निबंध मी त्याच रात्री वाचला. बोस्टन येथे २००२ सालच्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली होती. त्यांतील १३ टक्के लोकांचे सोडियम १३५ किंवा त्याहून कमी होते, आणि तिघांचे १२० किंवा त्याच्याही खाली. त्याच शर्यतीत एक तरुण धावपटू याच कारणाने दगावली होती. कोणाला हा त्रास अधिक झाला? ज्यांचे वजन धावताना वाढले त्यांना, वाटेत तीन लिटरांहून अधिक द्रव पिणाऱ्यांना, आणि चार तासांपेक्षा अधिक वेळ लावणाऱ्यांना. म्हणजे संकट वेगवान धावपटूंपेक्षा सावकाश, जिद्दीने, प्रत्येक टेबलाशी थांबून, सांगितलेला प्रत्येक नियम पाळत येणाऱ्यांवर अधिक होते. माझ्या रुग्णाने प्रत्येक टेबलावर दोन दोन पेले घेतले होते. तहान नव्हती, पण आदल्या दिवशीच्या सूचनापत्रकात तसे छापले होते.

असे छापले जाण्यामागे एक इतिहास आहे. १९०४ साली सेंट लुईस ऑलिंपिकची मॅरेथॉन भर उन्हात, धुळीच्या रस्त्यावर झाली आणि संयोजकांनी पाण्याची सोय मुद्दाम तुटपुंजी ठेवली. बत्तीस जण धावले, चौदा पोचले. विजेता थॉमस हिक्स पाणी मागत होता. त्याला पाण्याऐवजी अंड्यातील पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्निन आणि वर ब्रँडी देण्यात आली! १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये आपले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. त्या काळातही धावताना पाणी पिणे हा दुबळेपणा समजला जाई. १९६९ साली दक्षिण आफ्रिकेतील विंडहॅम व स्ट्रायडम या संशोधकांनी अपुऱ्या पाण्याच्या धोक्यांवर निबंध लिहिला आणि तेथून लंबक दुसरीकडे झुकू लागला. क्रीडापेयांचा व्यापार वाढला. १९९६ साली तर अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या प्रमुख संस्थेने घामातून गेलेले सगळे पाणी भरून काढावे, किंवा सोसेल तितके प्यावे, असा सल्ला दिला. दरम्यान दक्षिण आफ्रिकेतीलच डॉ. टिम नोक्स यांनी १९८५ साली अतिपानामुळे सोडियम घसरलेल्या चार खेळाडूंची नोंद प्रसिद्ध केली होती. ती बराच काळ दुर्लक्षित राहिली. २००७ साली त्या अमेरिकन संस्थेने आपला सल्ला बदलला, आणि २०१५ सालच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तहानेप्रमाणे प्यावे, असा स्पष्ट निर्वाळा दिला. सूचनापत्रके मात्र शास्त्रापेक्षा मंदगतीने सुधारतात.

आता कोणी विचारील, जादा पाणी लघवीवाटे निघून का जात नाही? घरी बसलेल्या माणसाचे जाते. परंतु दीर्घ श्रमात, वेदनेत, मळमळीत मेंदूतून पाणी राखून ठेवण्याचा संदेश मूत्रपिंडांना सतत मिळत राहतो. प्यालेले पाणी साठते, रक्तातील मीठ पातळ होते, पेशींत पाणी शिरते आणि त्या फुगतात. हाताची बोटे फुगली तर अंगठी रुतते, एवढेच. मेंदूला मात्र कवटीत फुगायला जागा नसते. वेदनाशामक गोळ्या घेतल्या असतील तर मूत्रपिंडांची अडचण आणखी वाढते. माझ्या रुग्णाने गुडघ्यासाठी सकाळी दोन गोळ्या घेतल्या होत्या. धावण्यापूर्वी अशी गोळी घेण्याची पद्धत अलीकडे फार बोकाळली आहे. ती गोळी आतड्याच्या अस्तरालाही इजा करते. गोळी घेतल्यावाचून धावता येत नसेल, तर त्या दिवशी धावू नये, असे माझे मत आहे, आणि त्यात सवलत द्यायला मी तयार नाही.

थोडे विषयांतर करतो. सोडियम घसरलेले रुग्ण आमच्या वॉर्डांत बहुधा धावपटू नसतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे, जेवण कमी झालेले, आणि "दिवसाला चार लिटर पाणी आरोग्याला उत्तम" असे कोणीतरी सांगितलेले वृद्ध असतात. आजोबा दोन दिवसांपासून गोंधळल्यासारखे बोलतात, असे सांगत नातेवाईक येतात. आपल्या घरी असे कोणी असेल, तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

मग धावणाऱ्याने किती प्यावे? आकडा मागितला की मला अवघडल्यासारखे होते, कारण तासाला अर्धा लिटर घाम येणारे आहेत, तसे दीड लिटर येणारेही आहेत. परंतु आपला आकडा काढणे अगदी सोपे आहे. सरावाच्या दिवशी धावण्यापूर्वी कमीत कमी कपड्यांत वजन करावे, तासभर धावावे, अंग पुसून पुन्हा वजन करावे. साठ किलोचे एकोणसाठ किलो तीनशे ग्रॅम झाले आणि वाटेत तीनशे मिलिलिटर पाणी घेतले असेल, तर घाम एक लिटर गेला. हा सगळा लिटर भरून काढायचा नसतो. साठ किलोच्या माणसाचे किलोभर वजन उतरले तर बिघडत नाही. वजन वाढता कामा नये, ही मर्यादा अनुल्लंघनीय. सावकाश धावणाऱ्याला तहान हा पुरेसा मार्गदर्शक आहे. मात्र कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत वेगाने धावणाऱ्याची तहान घामाच्या मागे पडू शकते. त्याने वजनावरून काढलेला अंदाज हाताशी ठेवावा. तहानेचे तत्त्व कडकपणे मांडणाऱ्यांशी माझा एवढाच मतभेद आहे.

मिठाविषयीही एक गैरसमज दूर करतो. घामाच्या एका लिटरात साधारण अर्धा ते पावणेदोन ग्रॅम सोडियम जाते. कोणाच्या काळ्या सदऱ्यावर पांढरे नकाशे उमटतात, कोणाच्या नाही. लांब धावेत थोडे मीठ घ्यावे हे खरे. परंतु मिठाची गोळी खिशात आहे म्हणून हवे तितके पाणी चालेल, असे मानणे घातक आहे. पाणीच जास्त झाले तर चिमूटभर मीठ ते सावरू शकत नाही.

आता पोटाकडे वळतो. धावपटू पायांविषयी तासन्‌तास बोलतात, पोटाविषयी संकोचाने गप्प राहतात. पण शर्यत सोडण्याचे कारण खाजगीत विचारले, तर पुष्कळदा पोटच निघते. माणूस जोरात धावू लागला की रक्त स्नायूंकडे व कातडीकडे वळते. आतड्यांकडे जाणारा प्रवाह कमालीचा घटतो. अतिश्रमात तो पाचव्या हिश्शावरही येऊ शकतो. अशा अर्धउपाशी आतड्याकडून आपण पचनाची अपेक्षा करतो, वर प्रत्येक पावलागणिक त्याला हिसके देतो. मळमळ, पोटात कळ, धावत आडोसा शोधावा लागणे, हे त्यातूनच येते.

तरी खाल्ल्यावाचून गत्यंतर नाही. यकृतात सुमारे शंभर ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे चारशे ग्रॅम साखर साठवलेली असते. म्हणजे दोन हजार कॅलरींची शिदोरी. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी लागते. साठ किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी अडीच हजार. चरबीही जळते, पण ती सावकाश पुरवठा करते. तिशीच्या किलोमीटरांत पाय अचानक दगडाचे होतात, ते यामुळे. म्हणून दीड-दोन तासांपुढच्या धावेत तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर पोटात जायला हवी. एकट्या ग्लुकोजची वाट आतड्यात साठ ग्रॅमांच्या आसपास तुंबते. फळसाखरेची, म्हणजे फ्रुक्टोजची वाट निराळी असते. दोन्ही मिळून दिल्यास सरावलेले आतडे तासाला नव्वद ग्रॅमांपर्यंत घेऊ शकते.

आणि येथे मला आपल्या स्वयंपाकघराचे कौतुक वाटते. आपली साधी साखर म्हणजे निम्मे ग्लुकोज व निम्मे फ्रुक्टोज. अर्धा लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, पाव चमच्याहून थोडे कमी मीठ आणि लिंबू पिळून केलेले सरबत हे सुमारे सहा टक्क्यांचे पेय होते, आणि महागड्या पेयांचेही सूत्र बहुतेक याच्या आसपास असते. साखर याहून फार वाढवली, तर पेय उलट रक्तातील पाणी आतड्यात ओढून घेते आणि पोट डचमळते. माझी स्वतःची फजिती याच कारणाने झाली. पहिल्याच मॅरेथॉनमध्ये, पूर्वी कधी न चाखलेले एनर्जी जेल मी तासाभरात तीन वेळा, पाण्याचा घोटही न घेता गिळले. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ मी कठड्याला धरून चढलो आणि तेथे जे झाले, ते या सभेत सांगण्याजोगे नाही. जेल वाईट नसते. ते पाण्याबरोबर घ्यायचे असते, आणि शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा तर मुळीच घ्यायचे नसते.

आतड्यालाही सराव लागतो. दर रविवारच्या लांब धावेत जे शर्यतीत घ्यायचे तेच, त्याच वेळेला, त्याच प्रमाणात घेत गेल्यास काही आठवड्यांत पोट ते स्वीकारू लागते. आदल्या दिवशी उसळी, मिसळ, कच्ची कोशिंबीर, तळण यांना सुट्टी द्यावी. मऊ भात, वरण, बटाटा, केळे पुरे. सकाळी अडीच-तीन तास आधी हलके खावे. शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी अनेकांना प्रिय असते, पण त्यातले तूप व दाणे जठरात रेंगाळतात. ज्यांना दुधाचा चहा सोसत नाही त्यांनी त्या दिवशी तरी कोरा घ्यावा.

मीठ व साखर एकत्र दिल्यास आतडे पाणी अधिक वेगाने शोषते, हे तत्त्व रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडले. त्याची सर्वांत मोठी कसोटी शर्यतीत झालेली नाही. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, सलाईनच्या बाटल्या संपल्या, आणि डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून भरून नातेवाईकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. पाजणारे हात आई-बापांचे आणि भावंडांचे होते. या सभागृहातील नातेवाईकांनी हे लक्षात ठेवावे, म्हणून मुद्दाम सांगतो. मात्र जुलाबाचे पाणी निराळे आणि धावपटूचे निराळे. जुलाबासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचीच पुडी घ्यावी. बाजारात त्या नावाशी साधर्म्य सांगणारी गोड पेये बरीच वर्षे विकली जात होती. सूत्राबाहेरच्या पेयांवर ते नाव वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ साली मनाई केली.

देणगीदारांना एक हिशेब द्यायचा राहिला. २००६ साली त्या अहवालाला पन्नास मिनिटे लागली होती. आपल्या देणग्यांतून अपघात विभागाच्या शेजारी जे क्षारमापक यंत्र बसवले आहे, त्यावर सोडियमचा आकडा काही मिनिटांत मिळतो. धावेच्या दिवशी ते यंत्र व तीव्र क्षाराचे सलाईन दोन्ही सज्ज असतील. गोंधळलेला धावपटू आला तर आधी गुदमार्गे ताप पाहिला जाईल, कारण उष्माघात असेल तर प्रथम बर्फाच्या पाण्याने अंग गार करायचे असते. त्यानंतर वजन आणि सोडियम. तोवर शिरेतून साधे सलाईन कोणीही सुरू करणार नाही, अशी लेखी सूचना मी काढली आहे.

पाण्याच्या टेबलांवर उभे राहणाऱ्या स्वयंसेवकांना एकच विनंती. पेला पुढे करावा, पण आग्रह करू नये. आपल्याकडे आग्रह हा पाहुणचाराचा प्राण आहे, हे मला ठाऊक आहे. पंगतीत जिलेबीचा करावा. धावपटू नको म्हणाला, तर त्याला जाऊ द्यावे. पेले अर्धेच भरावेत. कोणी अंगठी काढायचा प्रयत्न करताना, ओकारी काढताना किंवा वेडेवाकडे बोलताना दिसला, तर त्याला पाणी न देता बसवून आम्हाला कळवावे.

ज्या बाईंची हकीकत मी सांगितली, त्या पुढे पुन्हा धावू लागल्या. त्यांच्या संमतीनेच मी ती सांगितली. आपल्या धावेत तिसऱ्या टेबलाची जबाबदारी त्यांनी स्वतःहून मागून घेतली आहे.

नावे नोंदवलेल्या धावपटूंसाठी सभागृहाबाहेर वजनकाटा मांडला आहे. चहापूर्वी वजन करून आपल्या क्रमांकाच्या कागदामागे ते लिहावे. धावेच्या दिवशी सकाळी ते पुन्हा घेऊ, कारण आजच्या सामोशांचा त्यात समावेश नसेल.